गर्भाच्या हृदयात दोष असेल तेव्हा वार कशी तपासावी: सोनोग्राफी, डॉप्लर, एमआरआय आणि प्रसूतीनंतरची काळजी

अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये गर्भाच्या हृदयात दोष दिसला की सगळ्यांची नजर हृदयाच्या चार कप्प्यांवर खिळते. वारेच्या (प्लॅसेंटाच्या) वाट्याला अहवालात एक ओळ येते: "समोरच्या भिंतीवर, ग्रेड १." हृदयदोषाच्या गर्भारपणात ही ओळ फार अपुरी आहे. हृदय आणि वार एकाच आठवड्यांत घडतात आणि पुढे नऊ महिने एकाच रक्ताभिसरणावर चालतात. विसाव्या आठवड्यात गर्भाचं हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त फेकतं, त्याचा साधारण तिसरा हिस्सा वारेत जातो. बत्तिसाव्या आठवड्यानंतर तो पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरतो. हृदयदोष असलेल्या बाळांच्या वारा लहान असणं, नाळ कडेला जोडलेली असणं, वारेतल्या अंकुरांची (बाळाच्या रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्यांची) वाढ अपुरी असणं या गोष्टी अभ्यासांत वारंवार दिसल्या आहेत. डेन्मार्कच्या जन्मनोंदींवरच्या मोठ्या अभ्यासात फॅलोज टेट्रॅलॉजी, डबल आउटलेट राइट व्हेंट्रिकल आणि मोठ्या व्हीएसडीमध्ये (दोन जवनिकांमधल्या पडद्याच्या छिद्रात) वारेचं वजन कमी आढळलं. वार कमी पडली तर बाळ कमी वजनाचं जन्मतं, आणि कमी वजनाच्या बाळावर हृदयशस्त्रक्रिया करणं जास्त जोखमीचं असतं. म्हणून वारेची नीट तपासणी करायची.

हा लेख सोनोलॉजिस्ट, रेडिओलॉजी आणि स्त्रीरोगाचे निवासी डॉक्टर आणि फीटल मेडिसिनमध्ये काम करणाऱ्यांसाठी आहे. यातलं बहुतेक काम साध्या डॉप्लर मशीनवर होतं. एमआरआय पुढचा टप्पा आहे.

कधी बघायचं

तीन भेटी ठरवा: २० ते २४ आठवडे, २८ ते ३२ आठवडे आणि ३४ ते ३६ आठवडे. पहिली भेट लांबवू नका. दोष गंभीर असेल तर कुटुंबाला निर्णयासाठी वेळ लागतो, आणि २०२१च्या सुधारित गर्भपात कायद्यानुसार २४ आठवड्यांनंतर प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जातं. दिवस मोजताना पहिल्या तिमाहीतली सीआरएल (गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी) धरा. पाळीच्या तारखेत दोन आठवड्यांची चूक असेल तर वारेचं प्रत्येक मोजमाप चुकीच्या आलेखावर बसतं, आणि चांगली वार लहान ठरते.

प्रोब लावण्याआधी

फॉर्म एफ आधी भरा. फीटल इकोही (गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी) पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या, कायद्याखालीच येतो, आणि एमआरआयलाही तीच शिस्त ठेवावी. अभ्यासासाठी चित्रं साठवणार असाल तर कटिभागाचे काप साठवू नका, आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या.

मग इतिहास. विदर्भात तीन प्रश्न कधीच गाळू नयेत. पहिला सिकलसेलचा: विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. सिकलसेल असलेल्या आईच्या वारेत इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेला भाग) आणि फायब्रिन बाळाच्या हृदयाशी संबंध नसतानाही सापडतात. सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची प्राथमिक चाचणी) पॉझिटिव्ह असेल तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या चाचणीचा निकाल फाइलमध्ये हवाच, आणि अभ्यासात अशा आयांचा गट वेगळा ठेवा. दुसरा रक्तक्षयाचा: त्याच दिवसाचं हिमोग्लोबिन लिहा, एमआरआय वाचताना ते लागतं. तिसरा तंबाखूचा. "व्यसन आहे का" असं विचारलं की उत्तर नाही असंच येतं. "ताई, खर्रा, गुल, मिश्री, यातलं काही सुरू आहे का? दिवसातून किती वेळा?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. याशिवाय रक्तदाब, साखर, आधीचं कमी वजनाचं बाळ आणि गुणसूत्र तपासणीचा निकाल. २२क्यू डिलीशन (२२व्या गुणसूत्राचा तुकडा गळणं) आणि ट्रायसोमी २१ (डाउन सिंड्रोम) वारेवरही परिणाम करतात. त्या वारा नुसत्या हृदयदोषाच्या गटात मिसळल्या तर पुढे काहीच सांगता येत नाही.

गडचिरोलीहून एसटीने चार तास प्रवास करून मे महिन्याच्या उन्हात आलेल्या बाईचा डॉप्लर लगेच करू नका. पाणी प्यायला द्या, डाव्या कुशीवर अर्धा तास झोपू द्या. शरीर कोरडं पडलं असेल तर गर्भजल कमी दिसतं, आईची नाडी जलद असते आणि गर्भाशय आकुंचन पावत राहतं. त्यातलं प्रत्येक कारण मोजमाप बिघडवतं.

वारेचा आकार

मूत्राशय अर्धवट भरलेलं पुरे. गच्च भरलं तर खालची वार दाबली जाते. उजव्या कुशीखाली उशी देऊन आईला थोडं डावीकडे कलतं ठेवा. साधा कर्व्ह्ड प्रोब, फोकस वारेच्या मध्यावर.

जाडी मोजताना किरण वारेला काटकोनात पडला पाहिजे. गर्भाकडच्या पृष्ठभागापासून पायाच्या पट्टीपर्यंत (बेसल प्लेट, म्हणजे वारेची गर्भाशयाकडची बाजू) मोजा. मागच्या काळसर शिरा आणि गर्भाशयाचा स्नायू बाहेर ठेवा, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ढोबळ हिशेब असा की जाडी मिलिमीटरमध्ये आठवड्यांच्या आकड्याइतकी असते. लांबी वारेच्या वक्रावरून मोजा, सरळ रेषेत नको. १९ ते २३ आठवड्यांत लांबी १० सेंमीपेक्षा कमी, किंवा जाडी ४ सेंमीपेक्षा जास्त, किंवा जाडी लांबीच्या निम्म्याहून अधिक असेल तर ती वार संशयित धरा. बुटकी, फुगीर, प्रोबने हलकं टोचल्यावर जेलीसारखी थरथरणारी वार पुढे त्रास देण्याची शक्यता जास्त.

जाड वार म्हणजे सुदृढ वार, असं समजू नका. हृदय थकलं की वारेला सूज येते. जाडीबरोबर पोटात पाणी, फुप्फुसाभोवती पाणी किंवा नाळेच्या शिरेत ठोके दिसत असतील तर ती सूजच आहे.

वार एकाच जागी जाड दिसली तर घाई करू नका. गर्भाशयाच्या आकुंचनाने वारेखालचा स्नायू फुगतो आणि वारेला ढकलतो. वीस-तीस मिनिटांनी पुन्हा बघा. फुगवटा गेला असेल तर तो आकुंचनाचाच होता.

नाळ कुठे जोडली आहे

कलर डॉप्लरवर पीआरएफ (वेगाची मोजपट्टी) कमी ठेवा आणि नाळ वारेत शिरते ती जागा दोन दिशांनी दाखवा. कडेपासून अंतर २ सेंमीपेक्षा कमी असेल तर कडेची जोडणी. रक्तवाहिन्या वारेऐवजी पडद्यातून पसरत आल्या तर ती पडद्यावरची जोडणी. अशा वेळी योनीमार्गे सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या तोंडावरून किंवा त्याच्या २ सेंमीच्या आत उघडी रक्तवाहिनी जात नाही ना, हे त्याच दिवशी बघा. ही स्थिती, म्हणजे व्हासा प्रीव्हिया, नजरेतून सुटली तर प्रसूतीत बाळाचं रक्त काही मिनिटांत वाहून जातं.

नाळेतल्या धमन्या मोजण्यासाठी नाळेचा तुकडा शोधत बसू नका. गर्भाच्या मूत्राशयाच्या पातळीवर आडवा काप घ्या आणि कलर लावा. दोन्ही बाजूंनी दोन धमन्या दिसल्या पाहिजेत. काप तेवढाच ठेवा, खाली सरकू नका.

डॉप्लर वाचताना हृदयाचं चित्र शेजारी हवं

नाळेच्या धमनीचा पीआय (पल्सॅटिलिटी इंडेक्स, पुढच्या अडथळ्याचा अंदाज देणारा आकडा) वाढला की हात आपोआप "प्लॅसेंटल इन्सफिशिअन्सी" (वार कमी पडते आहे) लिहितो. निरोगी हृदयाच्या बाळात ते बहुतेक वेळा बरोबर असतं. हृदयदोषात मात्र त्या एका लहरीवर दोघांचा हात असतो: पुढे वार, मागे हृदय. कोणाचा हात जास्त आहे, हे ठरवणं या तपासणीचा गाभा आहे.

आधी पद्धत. नाळेचा मोकळा वळसा निवडा. बाळ शांत हवं, श्वासाची हालचाल नको. एकसारख्या निदान पाच लहरी घ्या. गर्भाची नाडी दर मिनिटाला ११० ते १६० असेल तरच पीआय वाचा.

आता फसवणाऱ्या जागा. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये नाडी ६०वर असते, दोन ठोक्यांमधला वेळ लांबतो आणि लहर शेवटी आपसूक तळाला टेकते. वार चांगली असली तरी पीआय वाढलेला येतो. गंभीर एब्स्टाइन अ‍ॅनॉमलीत ट्रायकस्पिड आणि पल्मोनरी दोन्ही झडपा गळत असतील तर वर्तुळाकार शंट तयार होतो. महाधमनीतलं रक्त डक्टसमधून (महाधमनी आणि फुप्फुसधमनीला जोडणारी गर्भातली वाहिनी) पल्मोनरी झडपेतून मागे उजव्या जवनिकेत येतं, तिथून उजव्या कर्णिकेत, मग डावीकडे आणि पुन्हा महाधमनीत. तेच रक्त हृदयात गिरक्या घेतं आणि वारेकडे जाणारा प्रवाह डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडतं तेव्हा) मागे ओढला जातो. नाळेत एंड-डायस्टोलिक प्रवाह नाहीसा होतो, आणि वार निर्दोष असू शकते. ट्रंकस आर्टेरिओससमध्ये (दोन मोठ्या धमन्यांऐवजी एकच) झडप गळत असेल तरी हाच प्रकार. म्हणून नाळेत डायस्टोल हरवला असेल तर पल्मोनरी झडप, ट्रंकल झडप आणि डक्टसमधल्या प्रवाहाची दिशा कलरवर बघितल्याशिवाय वारेवर दोष ठेवू नका.

मेंदूच्या धमनीचंही (एमसीए) तसंच. हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्टमध्ये (डावं हृदय अपुरं वाढलेलं) मेंदूकडे रक्त डक्टसमधून उलट्या वाटेने जातं. ट्रान्सपोझिशनमध्ये (दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल) वारेतून आलेलं ताजं रक्त मेंदूऐवजी फुप्फुसांकडे वळतं. दोन्हींत मेंदूच्या वाहिन्या सैल पडून एमसीएचा पीआय कमी येऊ शकतो. त्यावरून काढलेला सेरेब्रोप्लॅसेंटल रेशो (एमसीए आणि नाळेच्या धमनीच्या पीआयचं गुणोत्तर) वारेबद्दल बोलतो आहे असं मानणं धोक्याचं.

या गोंधळात गर्भाशयाची धमनी कामाला येते. ती आईची आहे, बाळाच्या हृदयाचा तिच्यावर थेट परिणाम नाही. बाहेरच्या इलिअ‍ॅक धमनीला ओलांडल्यानंतर साधारण १ सेंमीवर, कोन ३० अंशांच्या आत, गेट २ मिमी. दोन्ही बाजूंची सरासरी घ्या. शिखरवेग ६० सेंमी प्रति सेकंदाहून कमी असेल तर बहुधा धमनीची फांदी पकडली आहे, पुन्हा शोधा. गर्भाशयाची धमनी आणि नाळेची धमनी दोन्ही बिघडलेल्या असतील तर वारेचा आजार जवळजवळ नक्की. फक्त नाळेची बिघडली असेल तर आधी हृदय तपासा. पण गर्भाशयाची धमनी चांगली आहे म्हणून वार निर्दोष ठरवू नका. हृदयदोषातल्या वारेचा बिघाड बहुतेक वेळा बाळाच्या बाजूच्या अंकुरांत असतो, आणि तिथे आईची धमनी शेवटपर्यंत नॉर्मल राहू शकते. मग निर्णय वारेच्या आकारावर, नाळेच्या जोडणीवर आणि दोन आठवड्यांतल्या वाढीवर सोडा.

नाळेच्या शिरेतला प्रवाह

वारेतून बाळाकडे प्रत्यक्षात किती रक्त येतं, ते या शिरेत मोजता येतं. बाळाच्या पोटात शिरल्यावर, पोर्टल सायनसच्या आधी, शिरेचा सरळ भाग निवडा. व्यास मोजताना किरण शिरेला काटकोनात, वेग मोजताना जवळजवळ समांतर. म्हणजे दोन वेगळी चित्रं लागतात, आणि एकाच चित्रातून दोन्ही काढण्याचा मोह टाळा. आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत, पडदाभर मोठं करून, व्यास तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. शीर पोटाच्या भिंतीतून आत शिरते त्या कोपऱ्यावर वेग वाढलेला असतो, तो भाग नको.

हिशेब असा: प्रवाह = ३.१४ × (व्यास ÷ २)² × सरासरी वेग × ६०. सरासरी वेग म्हणून कमाल वेगाचा निम्मा धरतात. तोच गुणक शेवटपर्यंत ठेवा.

व्यास ०.६ सेंमी आणि कमाल वेग २० सेंमी प्रति सेकंद असेल तर सरासरी १०. छेदाचं क्षेत्रफळ ०.२८३ चौ. सेंमी, प्रवाह मिनिटाला सुमारे १७० मिली. बाळाचं अंदाजे वजन १.५ किलो असेल तर किलोमागे ११३ मिली. आता तोच व्यास कर्सर थोडा आत ठेवल्यामुळे ०.५५ आला असता तर प्रवाह १४३ मिली आणि किलोमागे ९५. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने सोळा टक्के गेले, कारण व्यासाचा वर्ग होतो. एकाच भेटीच्या आकड्यावर काही ठरवू नका. तोच हात, तीच जागा, तेच मशीन आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. अंदाजे वजनातही १० ते १५ टक्के चूक असते, म्हणून पोटाच्या घेराच्या प्रमाणातही प्रवाह लिहून ठेवा.

थ्रीडी पॉवर डॉप्लरच्या व्हॅस्क्युलॅरिटी इंडेक्सवर (वारेत रक्तवाहिन्या किती, याचा आकडा) वेळ घालवू नये. खोली आणि गेन बदलला की आकडा बदलतो, आणि दोन मशीनची तुलना होतच नाही.

एमआरआय

एमआरआयने दोन गोष्टी मिळतात: वारेचं पूर्ण घनफळ, जे चोविसाव्या आठवड्यानंतर सोनोग्राफीच्या चौकटीत मावत नाही, आणि टी२-स्टार, म्हणजे वारेतल्या प्राणवायूचा अप्रत्यक्ष अंदाज. प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन आसपासचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं आणि सिग्नल लवकर विझतो. तो जितक्या लवकर विझेल तितका टी२-स्टार कमी. हृदयदोषाच्या गर्भारपणांत तो कमी आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसल्याचं लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गटाने मांडलं आहे. वॉशिंग्टनच्या चिल्ड्रन्स नॅशनलमधल्या गटाने वारेचं घनफळ आणि रक्तप्रवाह यांवर काम केलं आहे. टी२-स्टारच्या आकड्यावरून प्रसूती कधी करायची, ते अजून ठरवू नये. तो अभ्यासाचा आकडा आहे, आणि हे कुटुंबालाही आधीच सांगा.

उत्तम काळ २८ ते ३४ आठवडे. गॅडोलिनियम नको, ते वार ओलांडून बाळापर्यंत जातं. गुंगीचं औषध नको. मशीन नॉर्मल मोडवर ठेवा, संपूर्ण शरीराचा एसएआर (शरीरात शोषली जाणारी रेडिओलहरींची ऊर्जा) २ वॅट प्रति किलोच्या आत. खोलीत नेण्याआधी मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना, साडीला लावलेली सेफ्टी पिन काढायला सांगा. जरीच्या काठात धातूची तार असते, ती तापू शकते. म्हणून साडी बदलून हॉस्पिटलचा गाऊन द्या. मंगळसूत्र काढायला संकोच वाटला तर ते सासूच्या किंवा आईच्या हातात द्या, कपाटात ठेवायला लावू नका. कानात बोळे, वरून हेडफोन. पूर्ण उताणं झोपवू नका, कारण मोठी शीर दबली की वारेत येणारं रक्तच कमी होतं आणि टी२-स्टार खोटा उतरतो. सगळ्या आयांना एकाच कुशीवर घ्या. एकूण वेळ ४५ मिनिटांच्या आत.

क्रम असा. आधी टी२ हेस्ट (झटपट घेतलेली रचनेची चित्रं), काप ४ ते ५ मिमी, मध्ये फट नाही, गर्भाशयाला धरून तीन दिशांनी. मग रक्तस्रावासाठी टी१. मग टी२-स्टार. १.५ टेस्लावर मल्टी-एको ग्रेडिएंट (एकामागून एक अनेक एको, म्हणजे सिग्नल, टिपणारी पद्धत), साधारण ३ ते ७० मिलिसेकंदांमध्ये सोळा एको, एका श्वासात, १२ सेकंदांच्या आसपास. तिसाव्या आठवड्यानंतर बऱ्याच जणींना एवढा वेळ श्वास धरता येत नाही. मशीन ३ टेस्लाचं असेल तर मल्टी-एको इपीआय (आणखी जलद पद्धत) वापरा, त्यात पूर्ण वार मिनिटाभरात होते.

टी२-स्टार दहा मिनिटांत तीनदा घ्या. आकुंचन आलं की तो झपकन खाली येतो आणि मग पुन्हा चढतो. गर्भाशयाची कड त्या वेळी गोल, ताठ झालेली दिसते. असं चित्र वगळा, आणि का वगळलं ते लिहा.

घनफळासाठी प्रत्येक कापावर वारेची कड आखा. सगळ्या कापांच्या क्षेत्रफळांची बेरीज ९६० चौ. सेंमी आणि जाडी ०.५ सेंमी असेल तर घनफळ ४८० घन सेंमी. टी२-स्टारसाठी संपूर्ण वार घ्या, एखादा सोयीचा चौकोन नको. नाळेची मुळं, वरच्या पृष्ठभागावरच्या मोठ्या वाहिन्या आणि स्नायू वगळा. शेवटच्या एकोंमध्ये नुसता गोंगाट उरला असेल तर ते बिंदू फिटमधून काढा, नाहीतर आकडा फुगतो. सरासरीबरोबर पसाराही नोंदवा. हृदयदोषाच्या वारेत सरासरी ठीक आणि आत काळे कप्पे, असं होऊ शकतं.

१.५ टेस्लावर चोविसाव्या आठवड्याला टी२-स्टार १०० मिलिसेकंदांच्या वर असतो आणि दिवस भरेपर्यंत उतरत जातो. ३ टेस्लावर त्याच वारेचा आकडा खूपच कमी येतो. त्यामुळे दोन मशीनचे आकडे एका तक्त्यात घालू नका, आणि दुसऱ्या केंद्राच्या आलेखावर आपला रुग्ण बसवू नका. आपल्याच मशीनवर निरोगी गर्भारपणांचे निदान २५-३० स्कॅन वेगवेगळ्या आठवड्यांना करून घ्या, मगच हृदयदोषाचा पहिला आकडा वाचा. आईचं हिमोग्लोबिन ८ असेल तर टी२-स्टारच्या शेजारी ते लिहिलेलं हवं.

वार पिवळ्या पिशवीत जाण्याआधी

पाच महिने मोजमापं केली आणि प्रसूतीच्या रात्री वार पिवळ्या पिशवीत, म्हणजे रुग्णालयाच्या कचऱ्यात, गेली तर सगळं अर्धवट राहतं. चित्रात दिसलेल्या काळ्या कप्प्यात नेमकं काय होतं, ते फक्त पॅथॉलॉजी सांगू शकते. ३४व्या आठवड्यालाच बाईच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक चिठ्ठी लावा: "हृदयदोष, वार जपून ठेवा." काही घरांत वार पुरण्याची रीत असते. त्याबद्दल आधी बोला, संमती घ्या, आणि तुकडे काढल्यावर उरलेलं देता येईल का हे आपल्या रुग्णालयाच्या नियमांत बघून मगच शब्द द्या.

वार स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात, झाकण घट्ट, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस चालते. फ्रीझरमध्ये अजिबात नको, पेशी फुटतात. दुसऱ्या गावाहून आणायची असेल तर थर्माकोलच्या खोक्यात आइस पॅक आणि डबा यांच्या मध्ये कापडाची घडी ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात गाडीत दोन तास उघडी राहिलेली वार वाचण्याजोगी उरत नाही. फॉर्मेलिनमध्ये घालायचीच असेल तर वारेच्या दहापट, म्हणजे ४-५ लिटर लागतं. अर्ध्या लिटरच्या बरणीत कोंबलेली वार बाहेरून टणक होते आणि आतून कुजते.

वजन ताज्या वारेचं घ्या, फॉर्मेलिनने ते वाढतं. रक्ताच्या गुठळ्या काढा, पडदे आणि नाळ छाटा, मग वजनकाट्यावर ठेवा. बाळाचं वजन भागिले वारेचं वजन हा आकडा दिवस भरलेल्या बाळात सातच्या आसपास येतो. वजन एमआरआयच्या घनफळापेक्षा कमी भरेल, कारण पोटात असताना अंकुरांभोवती आईचं रक्त असतं आणि ते प्रसूतीत वाहून जातं.

पॅथॉलॉजीला अ‍ॅम्स्टरडॅम पद्धतीने (वार तपासण्याची आंतरराष्ट्रीय सहमतीची पद्धत) तपासायला सांगा: पडद्याची गुंडाळी आणि नाळेचे दोन काप एका ब्लॉकमध्ये, पूर्ण जाडीचे तीन तुकडे, त्यातला एक नाळेच्या जोडणीजवळचा, शिवाय दिसणारा प्रत्येक डाग वेगळा. अर्जावर "वार, तपासणी" एवढंच लिहू नका. आठवडे, हृदयदोषाचं नेमकं नाव, नाळेची जोडणी, नाळेच्या आणि गर्भाशयाच्या धमन्यांचे डॉप्लर, सिकलसेलचा निकाल आणि एमआरआयमध्ये काळा कप्पा नाळेपासून किती सेंमीवर, घड्याळाच्या कोणत्या काट्यावर होता, ते लिहा. नाळेला १२च्या बाजूला एक टाका घालून दिशा ठरवून दिली तर पॅथॉलॉजिस्ट नेमका तोच तुकडा कापू शकतो.